मिसळणाच्या डब्यातले संशयित

“नको पिऊस! अरे मेल्या, खाली ठेव तो पेला, विष आहे त्यात!”

रविवारी दुपारी दोन वाजता जपानात, निशी-कसाईतल्या आमच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर हा आवाज उठला आणि नदीवरचे बगळे चिबाच्या दिशेनं उडाले ते अजून परतलेले नाहीत. इमारतीचे व्यवस्थापक यामादा-सान यांना मी चार वर्षांत कधी भरभर चालतानाही पाहिलं नव्हतं, ते जिना चढून धावत आले. शेजारच्या दारातून मी बाहेर पडलो. समोरच्या दारातून सातोबाई निघाल्या. वय पंच्याहत्तर, वजन जेमतेम दोन बादल्या पाण्याइतकं, आणि हातात मिटलेली छत्री, खुन्याला आरपार भोसकायच्या तयारीनं धरलेली.

दार उघडलं ते कुंदाकाकूंनी. म्हणजे माझ्या ऑफिसातल्या मंदारच्या आईनं. मिरजेहून येऊन त्यांना आठवडाही झाला नव्हता. मुलगा-सून खरेदीला गेलेली. काकूंच्या अंगावर दोन स्वेटर, हातात उलथनं, आणि मागे टीव्हीवर एक इंग्रज उमराव सुपाच्या ताटलीत तोंड घालून मेलेला.

“सांगत होते त्याला,” काकू म्हणाल्या. “ऐकलं नाही.”

मी यामादा-सानना माझ्या मोडक्या जपानीत समजावलं की खून झाला आहे, पण इंग्लंडात. ते वाकले आणि गेले. सातोबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी काकूंच्या खांद्यावरून टीव्हीकडे पाहिलं, छत्रीचं टोक पडद्यावर त्या उमरावाच्या पुतण्यावर रोखलं आणि मान डोलावली. हाच. काकूंनी मान हलवून उलथन्यानं डॉक्टर दाखवला. मग दोघी आपापली हत्यारं घेऊन सोफ्यावर बसल्या. मला कुणी बस म्हटलं नाही. मी बसलो.

मालिका जुनी ब्रिटिश, वर जपानी आवाज चढवलेला, दर रविवारी पुन्हा दाखवत. तिचा नायक एक लॉर्ड. इस्टेट अफाट, काम शून्य, म्हणून खून शोधत हिंडायचा. काकू संस्थानी गावच्या, त्यामुळे त्या त्याला ‘सरकार’ म्हणत. “सरकारांनी कोट बदलला बघ, आता कुणाचं तरी भरलं.” काकूंना जपानीचा गंध नव्हता आणि सातोबाईंना मराठीचा. मी भाषांतर करू लागलो की काकू हात वर करत. “गप्प बस रे. भाषा कळली की माणूस फसतो. तोंडाकडे बघ.”

त्यांचं दुसरं सूत्र चहाचं. “एवढं मोठं घर, दिवसातून दहादा चहा. पण एक माणूस असं असतं, ज्याला कुणी चहा विचारत नाही. त्याच्यावर लक्ष ठेवायचं.” एकदा मलाही विचारलं, “तुला ऑफिसात चहा कोण विचारतं?”

“मशीन देतं, काकू.”

“मग तुझ्यावर लक्ष ठेवायला हवं.”

दुसऱ्याच रविवारी काकूंनी मिसळणाचा डबा मध्ये आणून ठेवला. हा डबा पितळेचा, लग्नात माहेरून आलेला. विमानाच्या वजनावरून सुनेनं कुरकुर केली तेव्हा काकूंनी चार साड्या काढून ठेवल्या होत्या, डबा नाही. आत सात वाट्या. गोष्टीत संशयितही सातच असत, फार तर एखाद्या वाटीत दोघं कोंबावे लागत. हळद पुतण्या, मोहरी डॉक्टर, हिंग विधवा बहीण. सरकार म्हणजे वरचा चमचा. शेवटी सरकार सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा करत. त्याआधीच्या जाहिरातीत दोघींनी एकेक शेंगदाणा आपापल्या संशयिताच्या वाटीत ठेवायचा. सातोबाईंचा कायम हळदीत. त्यांचा स्वतःचा एक पुतण्या होता, तो नववर्षाला तासभर यायचा आणि बसल्या जागेवरून घराच्या भिंती मोजून जायचा. काकूंचा शेंगदाणा मात्र हिंडे, आणि दहातल्या नऊ वेळा बरोबर बसे. लंडनच्या पोलिसांनी काकूंना मिरजेहून बोलावून घेतलं असतं, फक्त त्यांना बातमी नव्हती.

सोमवारी बागेत काकू आमच्या मराठी मंडळींना गोष्ट सांगत. त्यात सरकार आणि त्यांचा नोकर सख्खे भाऊ असत, लहानपणी आगीत ताटातूट झालेले. मी उत्सुकतेपोटी एक भाग मूळ इंग्रजीत पाहिला. मृत्युपत्रावरून कंटाळवाणी बाचाबाची निघाली, आग नाहीच. तेव्हापासून मी इंग्रजीच्या वाटेला गेलो नाही.

काकू अशा तीन वेळा आल्या, तीन-तीन महिने. त्या आल्या की सातोबाईंच्या दाराची घंटा दुरुस्त होई. गेल्या की पुन्हा बिघडे. मग मंदारचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. सगळ्यांची तिकिटं शनिवारची निघाली, फक्त जायची. आणि त्याआधीच्या रविवारी गोष्ट नेमकी दोन भागांची लागली.

त्या दिवशी प्रथमच दोघींचे शेंगदाणे एका वाटीत पडले. जिऱ्याच्या. म्हणजे त्या घरातली म्हातारी मोलकरीण. तिला संपूर्ण भागात कुणी चहा विचारला नव्हता. सरकार दिवाणखान्याचं दार उघडतात आणि भाग संपतो.

“मंदार,” काकू म्हणाल्या, “तिकीट दोन दिवस पुढे कर.”

“एका खुनासाठी? आई, इंटरनेटवर आत्ता सांगतो कोण ते.”

“सांगितलंस तर उपाशी झोपशील.” काकू वाट्यांकडे बघत राहिल्या. “आणि खुनासाठी नाही रे.”

मंदारनं तिकीट बदललं नाही.

शनिवारी सकाळी काकूंनी मसाले काढून, डबा घासून सातोबाईंच्या हातात दिला. जिऱ्याच्या वाटीतले दोन शेंगदाणे तेवढे तसेच ठेवले होते. सातोबाई डबा घेऊन कंबरेत वाकल्या आणि इतका वेळ वाकलेल्याच राहिल्या की लिफ्ट दोनदा येऊन गेली. लिफ्टमध्ये शिरताना काकूंनी मला बजावलं, “उद्या दोन वाजता त्यांच्याकडे जा. एकट्या बसू देऊ नकोस. आणि कोण निघालं ते मला फोनवर सांग.”

मी हो म्हटलं. रविवारी ऑफिसचा कॉल लांबला. ही गोष्ट मी इतरत्र भूकंप झाला म्हणून सांगतो, पण कॉलच होता, आणि तो सोडून उठता आलं असतं. सातोबाईंचं दार वाजवलं तेव्हा सव्वातीन झाले होते.

त्यांनी मला आत घेतलं. टीव्ही बंद होता. त्यासमोरच्या मेजावर डबा उघडा, चमचा बाजूला काढून ठेवलेला, जिऱ्याच्या वाटीत दोन शेंगदाणे. सोफ्याच्या एका कडेला त्या बसल्याची खूण होती. दुसऱ्या कडेची उशी नीट उभी करून ठेवली होती. न विचारता त्या चहा करायला गेल्या.

“उशीर झाला, माफ करा,” मी म्हणालो. “खून कुणी केला?”

सातोबाईंनी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला.

“पाहिलं नाही,” त्या म्हणाल्या.