अर्धा बूट बाहेर

आधीच सांगते, दाजींवरचा माझा राग अजून गेलेला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. लोक म्हणतात, सरळमार्गी माणूस. असेल. पण त्यांना सरळ चालता यावं म्हणून ताई आयुष्यभर बाजूला सरकत राहिली, हे कुणी म्हणत नाही.

ताई हॉस्पिटलच्या कपडेखान्यात शिवणकाम करते. फाटलेल्या चादरींना ठिगळं लावायची, पेशंटच्या झग्यांना बटणं, डॉक्टरांच्या कोटांचे उसवलेले खिसे. सत्तावीस वर्षं एकाच खिडकीखाली एकच मशीन. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. लहानपणी माझ्या वाट्याचा मारसुद्धा तिने मुकाट्याने खाल्लाय. मी बुटांच्या दुकानात आहे. दिवसभर लोकांच्या पायाशी बसते म्हणून की काय, माझं डोकं कायम तापलेलं असतं.

दाजी वजनकाट्यावर असतात. मालाचा ट्रक काट्यावर चढतो, दाजी आकडा लिहितात आणि ड्रायव्हर त्यांना शिव्या देतो. माल जास्त भरला तरी शिव्या, कमी भरला तरी शिव्या. दाजींचं एक वाक्य ठरलेलं आहे: काटा थांबेपर्यंत तोंड उघडायचं नाही. घरीही तेच. चहात साखर बरोबर आहे का विचारलं, तर दोन घोट घेणार, छताकडे बघणार आणि मग उत्तर देणार. बाहेरच्यांना कौतुक वाटतं. रोज चहा करणाऱ्या बाईला विचारा.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी गुटगुटीत होती म्हणून ढब्बू म्हणायचो, ते नाव अजून सुटलेलं नाही, आता काठीसारखी झाली तरी. शाळेपासून फुटबॉल खेळायची, बापाच्याच नादाने. मग गुडघा गेला. खेळ सुटला, पण मैदान काही सुटेना. ती हातात झेंडा घेऊन कडेच्या रेषेवर पळायला लागली. पास दिला त्या क्षणी पुढचा खेळाडू बचाव करणाऱ्यांच्या पुढे निघून गेला असेल, तर झेंडा वर करायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळं पापणी लवायच्या आत ओळखायचं असतं. त्याची तालीम तिने ताईच्या स्वयंपाकघरात केली. ताई फरशीच्या सांध्यावरून दोन बटणं सरकवायची, मध्येच टाळी वाजवायची आणि विचारायची, कुठलं पुढे? कणीक मळून होईपर्यंत हे चालायचं. मी बघून हसायचे.

दाजींना मात्र ते झेंड्याचं काम मुळीच पटलं नाही. दोन वर्षांपूर्वी ते म्हणाले, जन्मभर शिव्याच खायच्या असतील तर माझ्याशेजारी काट्यावर येऊन बस, निदान डोक्यावर पत्रा आहे. पोरगी म्हणाली, तुम्ही बरोबर वजनासाठी शिव्या खाता ना बाबा, मीही बरोबर निर्णयासाठीच खाईन. त्यावर काय बोलणार? ज्याला उत्तर सुचत नाही तो जे बोलतो तेच बोलले. मग मला तोंड दाखवू नकोस, म्हणाले. आणि पोर त्यांचीच. तिने नाही दाखवलं. बॅग भरून दुसऱ्या शहरात गेली.

दोन वर्षं बाप-लेकीत अवाक्षर नाही. ताईला मात्र प्रत्येक मॅचनंतर फोन यायचा. आज अकरा पडल्या आई, आज सतरा. किती शिव्या मोजल्या त्याचा हिशोब. ताई हसायची, फोन ठेवायची आणि मग मशीनवर तिला सुईत दोरा ओवता यायचा नाही. हे मला कपडेखान्यातल्या बाईने सांगितलं, ताईने नाही.

आणि एक दिवस कळलं, ढब्बूला फायनल मिळाली. टीव्हीवर दाखवणार होते. शिवाय त्यात तो संघ होता, ज्याच्यासाठी ताईची अख्खी बिल्डिंग जीव टाकते, आणि दाजी सर्वांत आधी. ताईच्या डोक्यात बेत शिजला. सगळ्यांना घरी बोलवायचं, मॅच बघायची, पाहुण्यांना आणि मुख्य म्हणजे दाजींना आधी काही सांगायचं नाही. सांगितलं तर चपला घालून बाहेर पडतील. त्यांना एकदा तिचं काम डोळे भरून बघू दे, आणि शिट्टी वाजली की मग सांगायचं, ती रेषेवरची आपली पोरगी होती. त्यांनी एकदा तिच्याशी बोलावं, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप. मी म्हटलं, ताई, सरळ सांगून टाक, हे लपवाछपवीचं काम अंगाशी येईल. ती म्हणाली, तू फक्त तुझा टीव्ही दे.

दिला. तिचा टीव्ही खिडकीच्या काचेएवढा, माझा मोठा. मी आणि माझ्या नवऱ्याने तो रजईत गुंडाळून तीन जिने चढवला, मग नवरा त्याच्या कामावर गेला. बाकीची तयारी ताईने अशी केली की खर्चाचं नाव नको. निरोपच दिला होता, आपापला कप आणि आपापली खुर्ची घेऊन या. मक्याच्या लाह्या घरी फोडल्या, मोठ्या पातेल्यावर ताट झाकून. बटाटे उकडले, वर मीठ-मिरपूड. अंडी उकडून अर्धी अर्धी केली, म्हणजे ताट भरलेलं दिसतं. लिंबाचं सरबत बादलीत. दुपारचं ऊन टीव्हीवर पडू नये म्हणून खिडकीला कपडेखान्यातून टाकून दिलेली हिरवी चादर लावली, तीही कडेला नीट टीप मारून. मला म्हणाली, ढब्बूने काम दिलंय. स्टेडियम मोठं आहे, तिला काही ऐकू येणार नाही. घरी किती शिव्या पडतात ते मोजून सांगायचंय. मी म्हटलं, आपल्या माणसांत कोण देणार शिव्या. माझी ही अक्कल.

माणसं जमली. समोरच्या घरातले पेन्शनर काका-काकू, कपडेखान्यातल्या दोघी, वरच्या मजल्यावरची भावंडं आणि खालचा ड्रायव्हिंग स्कूलवाला. हा बाबा दुमडायची खुर्ची घेऊन आला, कप विसरला आणि अंड्यांच्या ताटाशेजारी ठाण मांडून बसला. आयत्या बिळात नागोबा. पहिल्या हाफमध्ये गोल झाला नाही. ढब्बू पलीकडच्या रेषेवर होती, बोटाच्या पेराएवढी. मी आणि ताई बॉलकडे बघतच नव्हतो. ते पेर डावीकडे पळालं की आम्ही डावीकडे, उजवीकडे पळालं की उजवीकडे. काकूंना वाटलं आमची मान दुखतेय.

दाजी दुसरा हाफ सुरू झाल्यावर आले, कामावरून थेट. चष्म्यावर धूळ, शर्टावर धूळ. एवढी माणसं बघून कपाळावर आठी आली, पण स्कोअर विचारून दाराजवळच्या स्टुलावर बसले. ताईने सरबत दिलं. मी डोळ्यांनी विचारलं, आता तरी सांगतेस का, तर तिने मान हलवली.

ऐंशीव्या मिनिटाला आमच्या संघाने गोल केला. खोली उठून उभी राहिली, लाह्या उडाल्या, भावंडांनी एकमेकांना उचललं. आणि कुणीतरी म्हणालं, थांबा, झेंडा वर आहे. पलीकडच्या रेषेवर ते पेर ताठ उभं होतं, हात वर करून. गोल रद्द झाला.

मग जे सुरू झालं ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांच्या घरी साखर मागायला जावं ती माणसं. ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला बांधलेल्या केसांवरून दिसलं की झेंडेवाली बाई आहे, मग तर त्याला चेवच चढला. बाईला रेषेवर उभं केलं की हेच होणार, म्हणाला, गाडी शिकवताना मी रोज बघतो. माझ्या जिभेवर उत्तर आलं. तोंड उघडणार तोच ताईने माझा दंड असा धरला की नखं रुतली. गप्प राहिले. त्याचा रागही मला स्वतःवर आहेच.

आणि दाराजवळून दाजी बोलले. सरबत पिता पिता चष्म्याची धूळ दिसली असेल, म्हणून चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत होते. मान खाली. पडद्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हिला घरात बसवायला बाप नाही का कुणी?"

काटा थांबेपर्यंत तोंड न उघडणारा माणूस. चष्मा हातात आणि निकाल तोंडात. असा संताप आला ना, वाटलं ती सरबताची बादली उचलावी आणि त्यांच्या डोक्यावर पालथी करावी.

तेवढ्यात कॅमेरा जवळ गेला. पडद्यावर नुसता चेहरा, माझ्या मोठ्या टीव्हीभर. केस घट्ट बांधलेले, घामाने ओठ चमकताहेत, मैदानातले चार खेळाडू तिच्या अंगावर ओरडताहेत आणि ती सरळ समोर बघतेय. लहानपणी मार खाताना ताई अशीच बघायची. काकूंच्या तोंडून निघून गेलं, अगं बाई, ही तर ढब्बू.

ताई उठली. मला वाटलं आत जाईल, कारण ती नेहमी आत जाते. ती टीव्हीशेजारी उभी राहिली आणि सगळ्यांसमोर नवऱ्याकडे बघून बोलली. आवाज तेव्हाही चढलेला नव्हता.

"आहे की. बाप आहे तिला. तो बघा, चष्मा पुसतोय."

दाजींनी चष्मा घातला. त्यांना दिसलं.

मग टीव्हीवाल्यांनी पास दिला तो क्षण थांबवून शेवटच्या बचाव करणाऱ्याच्या पायापासून मैदानावर आडवी रेघ ओढली. पंधरा वर्षं बुटांच्या दुकानात काढली आहेत मी, अर्धा बूट किती असतो ते मला कळतं. आमच्या गोल करणाऱ्याचा बरोबर अर्धा बूट रेघेच्या बाहेर होता. पोरगी बरोबर होती, आणि ते सगळ्यांनी बघितलं.

आता तुम्हाला वाटेल, कुणीतरी चुकलं म्हणालं असेल. नाव नको. एकाने खोकून घेतलं, एकाने कपात बघितलं. ड्रायव्हिंग स्कूलवाला म्हणाला, तरीपण एवढं बारीक कशाला बघायचं? हातात अंड्याची आठवी फोड. मोजली होती मी. ती फोड मी त्याच्या हातातून काढून घेतली. विचारलं, गाडीचा ब्रेक लागतो की नाही ते तरी बारीक बघतोस ना रे बाबा, की तिथेही अंदाजपंचे? त्याची खुर्ची मीच दुमडली आणि जिन्यात नेऊन ठेवली. मग बाकीचेही उठले. आपापला कप, आपापली खुर्ची. जाणं किती सोपं झालं, कुणाला भांडी विसळायलाही थांबावं लागलं नाही. काकू तेवढ्या दारात घुटमळल्या, ताईच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

मॅचची आठ मिनिटं बाकी होती. खोलीत आम्ही तिघंच उरलो. दाजींनी स्टूल उचललं आणि टीव्हीच्या अगदी जवळ नेऊन ठेवलं. आता ताईने तुम्हाला ओवाळायचं बाकी राहिलंय की काय, असं काहीतरी टोचून बोलायचं माझ्या मनात होतं, पण त्यांची मान दिसली आणि राहिलं. ती मान डावीकडे वळत होती, उजवीकडे वळत होती. बॉल भलतीकडे असला तरी. शेवटच्या मिनिटाला आमच्या संघावर गोल झाला, संघ हरला. दाजींच्या ते लक्षातही आलं नसावं.

अर्ध्या तासाने फोन वाजला. ताईचे हात साबणात होते, म्हणून तिने कोपराने फोन माझ्याकडे सरकवला. मी तो स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला. पलीकडे गलका होता, पोरगी धापा टाकत होती. हसत म्हणाली, "आई, मोजल्यास का? घरी किती पडल्या?"

ताई तेच पातेलं पुन्हा घासायला लागली. नळ वाहत होता. तेवढ्यात दाजी दारात येऊन उभे राहिले. किती वेळ उभे होते कोण जाणे. पुढे आले, नळ बंद केला आणि ओट्यावरच्या फोनकडे वाकून बोलले.

"बऱ्याच पडल्या. सगळ्यांत वाईट माझी होती. चष्मा न घालता दिली."

पलीकडचा गलका तेवढा ऐकू येत होता. मला वाटलं, ठेवला तिने. ठेवला असता तरी मी तिला दोष दिला नसता. दाजी तसेच वाकून उभे. मग म्हणाले, "अर्धा बूट बाहेर होता. नंतर बघितलं मी."

आणि ढब्बूचा आवाज आला, पाच वर्षांची असताना यायचा तसा.

"म्हणजे बाबा, तुम्ही माझी मॅच बघत होता?"

"दुसऱ्या हाफपासून," दाजी म्हणाले. "कामावरून यायला उशीर झाला. पुढच्या वेळी रजा टाकतो."