वेगळी जर्सी

"अहो, ती त्यात नको. वेगळी ठेवा."

कॅप्टनच्या बायकोनं माझी जर्सी दोन बोटांनी उचलली आणि कचऱ्याच्या काळ्या पिशवीत टाकली. बाकीच्या दहा जर्सी मशीनमध्ये गेल्या. मी दारात उभा. हातात सरबत, कागदाच्या ग्लासात. आत सगळे काचेच्या ग्लासातनं पीत होते.

थोड्या वेळापूर्वी तिनंच हसून विचारलं होतं, "कोल्हापूरचे का? आडनाव काय?" मी सांगितलं. आमचं आडनाव ऐकलं की जात कळते. तिचं हसू गेलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. लढाई होऊन गेलेली, कुवेत पुन्हा उभं राहत होतं. मी शुऐबाच्या तेल कारखान्यात वेल्डर. राहायला जलीबच्या कामगार वस्तीत, दाटीवाटीच्या खोलीत. कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघाकडनं खेळलेलो, सेंटर फॉरवर्ड. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरांनी शुक्रवारच्या स्पर्धेसाठी टीम काढली, तिला गोल मारणारा पाहिजे होता. कॅप्टन म्हणजे प्लांटमधला माझाच साहेब. त्यानं मला उचललं.

त्या दिवशी सेमीफायनलचे दोन्ही गोल माझे. गोल झाल्यावर हेच सगळे माझ्या अंगावर पडले होते. घामानं निथळत, गालाला गाल लावून. तेव्हा कुणी बाटलं नाही. घरात शिरल्यावर बाटले.

समुद्र ओलांडला, अरबापुढं मान खाली घालून राहिले, आणि येताना जात तेवढी जपून आणली. थू!

फायनलच्या दिवशी साहेब गाडी घेऊन जलीबला आला. वर खोलीत आला नाही. खालनंच हॉर्न मारला. मी उतरलो. त्यानं काच खाली करून नवी जर्सी पुढं केली.

"ही तुझ्याकडंच ठेव. तूच धुवत जा."

"मी खेळणार नाही, साहेब."

"अरे, फायनल आहे! घरात देव आहेत, हिला चालत नाही. मनावर घेऊ नकोस."

"माझ्या गळ्यात पडत होता तेव्हा देव कुठं होते?"

त्याचा चेहराच बदलला. "तुझा अकामा संपत आलाय. माझ्या सहीशिवाय वाढत नाही."

अकामा म्हणजे तिथं राहायचा परवाना. तो गेला की माणूस परत गावी. तरी म्हणालो, "नका करू सही." जर्सी त्याच्या मांडीवर टाकली आणि जिना चढलो.

ते हरले. दुसऱ्याच दिवशी साहेबानं मला वेल्डिंगवरनं काढून तेलाच्या टाक्या खरवडायला घातलं. भर उन्हाळ्यात. अकामा वाढला नाही. मी परत आलो. घरात भांडणं झाली. बायको म्हणाली, "एका सदऱ्यापायी नोकरी घालवली."

आता वस्तीतल्या पोरांना फुटबॉल शिकवतो. मोठ्या संघाचे लोक चांगलं पोरगं मागायला येतात. मी एकच विचारतो, "मॅच झाल्यावर याला कुठं बसवणार?" समोरचा अडखळला, की पोरगं मिळत नाही.

हरायचं तर हरा.