बेडकीची पसंती

माझ्या मावसभावाइतका बेडकांच्या संसारात नाक खुपसणारा माणूस अख्ख्या मावळात सापडणार नाही. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, राहतो तुंगार्लीला, आणि पावसाळाभर वलवणच्या ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा असतो. त्याचं म्हणणं असं की, बेडकाचं डराव डराव ही नुसती जाहिरात. खरा सौदा वासावर ठरतो. काही जातींत नराच्या मांडीवर ग्रंथी असतात, त्यांचा वास पसंत पडला तरच मादी जवळ येते. हे तो कुठेही सांगतो. आमच्या घरच्या बारशात पेढा हातात धरून त्याने बाळाच्या आजीला मांडीवरच्या ग्रंथी समजावल्या, आणि ती माउली उठून गेली ती जेवायलाच परत आली.

चाळिशी आली तरी लग्न जमेना, म्हणून यंदा मीच त्याला बेगडेवाडीला मुलगी बघायला नेलं. घर शेतकऱ्याचं, मुलगी एका कारखान्यात सुपरवायझर. माणसाची पसंतीही नाकानेच ठरते अशी याची खात्री, त्यामुळे साबण आठवडाभर बंद. गेल्या गेल्या याने देव्हाऱ्यातली उदबत्ती चिमटीत धरून विझवली. का, तर वासात वास मिसळायला नको. मुलीचे आजोबा शांतपणे म्हणाले, "पाव्हनं, ती देवाला लावली हुती." मला कुठे तोंड लपवू असं झालं.

पोहे गार होईपर्यंत हा बेडकांवर बोलला. शेवटी मुलीनेच विचारलं, "आन् बेडकीला न्हाई पसंत पडला तर?"

"तर तो तिथंच बसून राहतो," हा आनंदाने म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आजोबांचा फोन आला. नकारच होता. मला वाटलं, उदबत्ती नडली, नाहीतर साबण. उदबत्तीचं विचारलंही.

"न्हाई हो," ते म्हणाले. "पोरगी म्हनती, मानूस वाईट न्हाई. पन तासभरात तिला एकबी गोष्ट इचारली न्हाई."

हे मी त्याला सांगितलं, तेही जरा चवीनेच. वाटलं, आता काहीतरी शास्त्रीय उत्तर येणार. पण तो म्हणाला की, ती त्याला फार आवडली होती. मला एकदम त्याची कणव आली.

"काय विचारायला हवं होतं, दादा?"

"तिला काय आवडतं, ते."

"विचारलं की सांगतात?" त्याने विचारलं, आणि तो चेष्टा करत नव्हता.