दाजींचा बांबूचा पिंजरा

आमचे दाजी कुठलीही वस्तू लोखंडात करण्याआधी बांबूत करून बघायचे. गोठ्याचं फाटक, पाण्याची टाकी ठेवायचा घोडा, शाळेची घसरगुंडी, सगळं आधी बांबूत. घसरगुंडीवर पहिले स्वतःच बसले आणि विजार फाडून घेतली. "वापरून बघायचं, मग ठरवायचं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. उमेदीची वर्षं फौजेत गाड्या दुरुस्त करण्यात गेली. "तितं हुकूम आदी आन् इचार मागनं. आता घरी तरी उलटं करू द्या की, पाव्हणं," असं मला म्हणायचे. मी त्यांचा मेव्हणा. सांगलीला कॉलेजात शिकवायचो आणि रविवारी पलूसजवळच्या त्यांच्या गावी आक्काच्या हातचं जेवायला जायचो.

साताऱ्याच्या एका वकिलांकडून त्यांनी जुनी छोटी मॉरिस मोटार घेतली होती. नवरा-नवरी, आजारी माणसं, मिरजेच्या दवाखान्यात न्यायच्या बायका, सगळ्यांची वरात तिच्यातूनच. नाही म्हणणं दाजींना जमायचं नाही, आणि हळू चालवणंही. पुण्याची काही हौशी मंडळी साताऱ्याकडच्या एका घाटात मोटारींची शर्यत लावायची. दाजी तीत उतरले आणि मोठमोठ्या गाड्यांना मागं टाकून तिसरे आले. पुढं कितीतरी दिवस ते जेवताना भाकरीवर बोटानं घाटाची वळणं काढून दाखवायचे.

पण त्याच शर्यतीत एक मोटार वळणावर उलटली. टप चेपून चालवणाऱ्याची मान मोडली आणि तो कायमचा अंथरुणाला खिळला. हे आक्काच्या कानावर आलं.

"आवं, शर्यतीच्या गाड्यांत असतोय तसला लोखंडी पिंजरा बसवा, न्हाईतर घाट सोडा. मला नवरा चालता-फिरता पायजे."

दाजींनी शब्द दिला. पिंजरा म्हणजे टपाच्या आतून फिरवलेला जाड पाइपांचा सांगाडा. गाडी उलटली तरी टप माणसावर बसत नाही. तासगावात बेदाण्याच्या शेड उभारणारे रसूलभाई येऊन मापं घेऊन गेले. जाताना म्हणाले, "बसवतो हवालदार, पण मागं दोन तिरपे पाइप येनारच, त्याबिगर जोर न्हाई. एकदा वेल्डिंग मारलं की मागची सीट इसरायची."

दाजी विचारात पडले. इंजिन एवढंसं, त्यावर लोखंडाचं ओझं. हेल्मेट घातलं तर पाइप जीव वाचवणार, नाही घातलं तर साध्या खड्ड्यातही तोच डोकं फोडणार. आणि मागची सीट जाणार, ती वेगळीच. शेवटी त्यांनी नेहमीचा मार्ग धरला. बांबू आणले, सुंभानं आवळून गाडीत पिंजरा बांधला आणि तशीच गाडी फिरवायला लागले.

"मोटारीत मांडव घातलाय, लगीन कुनाचं?" असं विचारून गावानं त्यांना भंडावलं. त्यात एका खऱ्याच लग्नात नवरदेवाचा फेटा आडव्या बांबूला अडकून राहिला आणि तो मांडवापुढं बोडका उतरला. नवरीकडची म्हातारी माणसं अपशकुन झाला म्हणून बसली. दाजी त्यांना शांतपणे म्हणाले, "फेटा व्हता म्हनून डोस्कं वाचलं. ते बघा की."

शेजारची शेवंता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. एका रविवारी आम्ही पानावर असतानाच तिची आई रडत आली. शेवंताला मागच्या सीटवर आडवं करायला गेलो, तर तिरपे बांबू मध्ये. पाय आत घ्यावेत तर डोकं बाहेर राही. पोरगी विव्हळत होती. दाजींनी कोयता मागितला आणि दोन्ही बांबू सपासप तोडून बाहेर फेकले. आक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि आम्ही मिरज गाठली. मूल आडवं आलं होतं. आणखी उशीर झाला असता तर दोन्ही जीव गेले असते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या.

परतताना दाजी म्हणाले, "पाव्हणं, लोकंड असतं तर कोयत्यानं तुटलं असतं व्हय?"

घरी येताच त्यांनी उरलेले बांबू सोडले, आणि त्या वर्षी शर्यतीत नाव दिलं नाही.

शर्यत बघायला मात्र आम्ही तिघं गेलो. आमच्या डोळ्यांदेखत एक मोटार वळणावर पलटी खाऊन आडवी झाली. तिच्यात पिंजरा होता. आतला तरुण खिडकीतून बाहेर आला आणि कपडे झटकत उभा राहिला. दाजींनी त्याला पाणी दिलं. मग त्या गाडीत वाकून पाइपावर बोटं वाजवून बघितली. "झकास काम हाय," म्हणाले. वरच्या वळणाकडं बघत ते कितीतरी वेळ तिथंच उभे राहिले. एवढा हौशी माणूस, पण त्यांचा तो चेहरा मला बघवेना.

आक्कालाही बघवला नसावा. "आवं, बसवून टाका तसला पिंजरा," ती म्हणाली. "बायामानसं जातील दुसऱ्या गाडीनं."

"दुसरी गाडी हाय कुटं गं गावात?" दाजी म्हणाले, आणि आम्हाला बसवून घराकडं निघाले.

गावात दुसरी मोटार यायला बरीच वर्षं लागली. तोवर दाजींची नजर अधू झाली होती.