बू वागियेमने अंगण दिलं नाही

सोलो शहरातल्या केबोनान वस्तीत, गल्लीच्या अगदी टोकाला बू वागियेमचं सतरा नंबरचं घर. बू म्हणजे बाई. केबोनान म्हणजे बागांची जागा. बागा कधीच्या गेल्या, नाव तेवढं राहिलं. आणि बू वागियेमचं अंगण राहिलं. तीन चटया अंथरल्या की संपलं, एवढंच. पण उघड्या काळ्या मातीचं, आणि त्या मातीत अकरा भोकं.

भोकं तिनेच पाडलेली. नवरा गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी, कोरड्या महिन्यांत, विहिरीने तळ दाखवला. बाईचं पोट तेंपेवर. सोयाबीन भिजवायचं, उकडायचं, तुडवून सालं काढायची, धुवायचं, पुन्हा धुवायचं, मग केळीच्या पानात बांधून आंबवायला ठेवायचं, की झाली तेंपेची वडी. पाणी नसेल तर यातलं एक काम होत नाही. दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं, "विहिरीपासून लांब, मुठीएवढी रुंद आणि कमरेएवढी खोल भोकं पाडा. त्यात ओला कचरा टाकत जा. गांडुळं माती पोकळ करतील, पावसाचं पाणी वाहून न जाता जिरेल." बू वागियेमने नवऱ्याची पहार काढली आणि आठवडाभर अंगण खणलं. गल्लीने विचारलं, "कुणाला पुरायचंय?" ती म्हणाली, "भोचकांना. नंबर लावा."

पुढच्या कोरड्या महिन्यांत बादली रिकामी वर आली नाही. श्रेय भोकांचं की त्या वर्षीच्या पावसाचं, हे तिलाही सांगता आलं नसतं. पण सोयाबीनची सालं त्या दिवसापासून भोकांतच जाऊ लागली.

पर्यावरण वगैरे मोठे शब्द तिच्या घरात कधी आले नाहीत. कपडे रिठ्याने धुवायची, कारण सासूने बाटिकची वस्त्रं रिठ्यानेच धुवायला शिकवलं होतं. तांदळाचं धुवण मिरच्यांना. प्यायचं पाणी मातीच्या सुरईत. छपरात एक कौल काचेचं बसवलेलं. भरदिवसा दिवा लावणाऱ्याला ती आंधळा म्हणायची, तेही तोंडावर. तेंपे पानातच मिळायचं. प्लास्टिकच्या पिशवीत मागणाऱ्याला ती सांगे, "घरून टोपली आणा, नाहीतर हातात न्या." गल्ली याला चिक्कूपणा म्हणायची. म्हणू दे.

मग गल्लीप्रमुख पाक हारजितो यांच्या डोक्यात स्पर्धा शिरली. पाक म्हणजे साहेब; हे साहेब निवृत्त कवायत मास्तर. शाळा सुटली, शिट्टी सुटली नाही. शहरात 'हिरवी वस्ती' स्पर्धा होती आणि कुणा दुकानदाराने सिमेंट फुकट देऊ केलं होतं. ठरलं काय, तर घरोघरच्या अंगणात सिमेंट ओतायचं, आणि त्याला हिरवा रंग द्यायचा! वर कुंड्या, कुंड्यांत प्लास्टिकची फुलं. मातीला चिखल म्हणणाऱ्या माणसाला हिरवळ रंगाच्या डब्यात दिसते, त्याला आपण काय करणार?

बैठकीत पाक हारजितोंनी तीनदा विचारलं, "बू, तुमच्याही अंगणात टाकायचं ना?" तीनदा ती हळूच म्हणाली, "हो, हो. बघू या ना, पाक."

आमच्याकडे तोंडावर नाही म्हणायची रीत नाही. असं खाली मान घालून म्हटलेलं हो म्हणजे नाहीच, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पाक हारजितोंनाही कळलं होतं. पण त्यांनी होकार म्हणून वहीत लिहून घेतलं. दारात आठ शेजारी फावडी घेऊन आले की कुठली बाई नाही म्हणते! चूक बू वागियेमचीच. जन्मभर जगाला सुनावणारी बाई नेमकी भरल्या बैठकीत रीतभात सांभाळत बसली.

रविवारी सकाळी सात वाजता आठ जण हजर. सोबत सिमेंटची पोती, वाळू, फावडी आणि शिट्टी. सगळे चटईवर बसले. श्रमदानाला आलेल्यांना घरची बाई आधी चहा देते, सोबत काही तळलेलं देते. त्याआधी कुणी फावड्याला हात लावत नाही.

चहा आला नाही.

बू वागियेम पायरीवर बसून केळीची पानं पुसत होती. अर्धा तास गेला. ऊन चटईवर आलं. पार्मान गवंडी हळूच म्हणाला, "बू, चुलीला आज सुट्टी वाटतं?"

"कणकण आहे तिला," बू वागियेम म्हणाली.

दोघे फिस्सकन हसले. पाक हारजितोंनी त्यांच्याकडे पाहिलं तसे गप्प झाले. आणखी अर्धा तास गेला. पण कवायत मास्तर तो. हार कसली मानतो? त्याने बायकोला निरोप धाडला, आणि बू हारजितो घरून किटली आणि केळ्याची भजी घेऊन आली. खालमानेने वाढलं, खालमानेने गेली. आता रीत पुरी झाली. पाक हारजितो उठले, फावडंभर वाळू घेतली आणि पहिल्या भोकाकडे वळले.

बू वागियेम पुढे आली आणि त्या भोकावर चक्क मांडी घालून बसली. साठ वर्षांत तिने कुणा मानकऱ्याला हा शब्द ऐकवला नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "टाकू देणार नाही."

कुणाचा तरी कप बशीवर वाजला.

"पण बू, तुम्ही तर हो म्हणाला होतात."

"ते हो कसलं होतं, हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं, पाक. आता ऐकू येईल असं सांगते. हे पाणी माझं पोट आहे. ते बुजवून वर हिरवा रंग फासायचा? आधी मला बुजवा."

"तुमच्या एका अंगणापायी अख्ख्या गल्लीचं बक्षीस जाईल! लोकांना मी काय सांगू?"

"माझं नाव सांगा. फळ्यावर लिहा. मोठ्या अक्षरांत लिहा, मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

पाक हारजितोंनी खरंच लिहिलं. गल्लीच्या तोंडाशी फळा लागला: सर्व घरांचा सहभाग, सतरा नंबर वगळून. परीक्षक आले, बक्षीस दुसऱ्याच वस्तीला गेलं, आणि खापर फुटलं सतरा नंबरवर. तेंपेची गिऱ्हाइकं निम्मी झाली. दोन घरच्या प्रार्थनेच्या जेवणाचं बोलावणं आलं नाही. बू वागियेम एकटी बसून न खपलेलं तेंपे तळायची आणि तिला रडू यायचं, रागही यायचा, आणि सालं मात्र भोकांतच जायची.

दोन महिन्यांनी ईद आली. ईदला आमच्याकडे लहानाने मोठ्यासमोर गुडघे टेकायचे, कळत-नकळत जे चुकलं त्याची माफी मागायची. कुणी यादी वाचत नाही. एका वाक्यात वर्ष धुतलं जातं. पाक हारजितोंच्या ओसरीवर सगळी गल्ली जमली होती. बू वागियेम आली तशी कुजबुज थांबली. आली बाई वठणीवर, असंच सगळ्यांना वाटलं. पाक हारजितोंनी पाठ ताठ केली.

तिने गुडघे टेकले, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"पाक, तुम्हाला उन्हात बसवलं, माफ करा. घरी आलेल्यांना चहा दिला नाही, माफ करा. चारचौघांत टोचून बोलले, माफ करा." मग तिने मान वर केली. "अंगण दिलं नाही, त्याची माफी मागत नाही."

पाक हारजितोंना हात सोडवून घेता येईना. ईदच्या दिवशी पुढे आलेला हात झिडकारणार कसा?

"माफ केलं," ते म्हणाले. "अंगणाचं पुढच्या वर्षी बघू."

"पुढच्या वर्षीही नाही," बू वागियेम म्हणाली, आणि तिथेच ऐसपैस बसून तिने बू हारजितोकडे ताट मागितलं.