दोन गुडघे आणि लग्नातला पाट

दोन गुडघ्यांची खरी किंमत सांगतो... एक स्कूटर भंगारात, कापसाचा जवळपास अख्खा हंगाम हातचा गेलेला आणि घरात कुणालाच धड झोप नाही. दवाखान्याचं बिल यात धरलेलंच नाही.

मोबाइल नुकते आले होते तेव्हाची गोष्ट. मी आणि माझी बायको सुमन, वडनेरला लेकीची सोयरीक पक्की करून सिंदीला परत येत होतो. डांबरी रस्त्यावर कुणीतरी सोयाबीन वाळत घातलं होतं... स्कूटर घसरली.

माझा डावा गुडघा, तिचा उजवा. दोघांचंही लिगामेंट तुटलं. एकाच डॉक्टरांनी एकाच आठवड्यात दोघांचं ऑपरेशन केलं.

लग्न वैशाखात होतं. आमच्याकडे कन्यादानाला आईबाप जोडीनं पाटावर मांडी घालून बसतात. सुमनला तेवढंच हवं होतं, बाकी गुडघ्याचं काही का होईना. मी मात्र वॉर्डातूनच सांगून टाकलं, "पाहजो, आधी मी बसतो पाटावर. तुलेही हात देऊन मीच बसवीन."

आणि खरंच मी भराभर सुधारलो. कुबड्या गेल्या, मग काठीही गेली. तिची मांडी मात्र सुकलेलीच. पायरी चढताना पाय थरथरायचा.

डॉक्टर म्हणाले, बायकांच्या मांडीत ताकद परत यायला बऱ्याचदा जास्त वेळ लागतो, तुलना करू नका. आता एकाच घरात दोन गुडघे शेजारी शेजारी... तुलना थांबवणार कोण?

माझी मोठी बहीण, ताई, मदतीला येऊन राहिली होती. ती येताजाता म्हणायची, "माहा भाऊ चालून राह्यला, अन् इले काऊन नाई जमत?" एक दिवस तर सरळच बोलली, "नाई जमलं तं दीर-जाऊ बसतीन पाटावर. पोरीचं लग्न काई थांबत नाई."

सुमन ताटावरून उठली फक्त.

फिजिओथेरपीला आम्ही वर्ध्याला जायचो. दोन पलंगांच्या मध्ये एक पडदा. माझे कान तसे तिखट... कापसाच्या बाजारात दलालांची कुजबुज ऐकूनच मी धंदा शिकलो. पलीकडून फिजिओ मुलीनं विचारलं, "काकू, घरी व्यायाम करता ना?"

"केव्हा करू माय?" सुमन म्हणाली. "यायच्या पायाखाली उशी मीच ठेवतो, शेक मीच देतो. ताई पोळ्या करतात, बाकी समदं माह्याच अंगावर. माह्या पायाले टाइम कुठी भेटते?"

मी छताकडे बघत पडून राहिलो. बाईचा गुडघा हळू सुधारत असेलही, डॉक्टर काही उगाच बोलणार नाहीत... पण तिच्या गुडघ्याला आमच्या घरात कुणी टेकूच दिला नव्हता.

घरी आल्यावर खिडकीजवळचा माझा पलंग तिला दिला. धुण्याभांड्याला बाई लावली. "राणीसाहेब झाली," ताई पुटपुटली. मी ऐकलं आणि सोडून दिलं, भांडायलाही अंगात जीव नव्हता.

सुमन रोज टाच गादीवरून घासत पाय वाकवायची, दात आवळून. मी मात्र व्यायाम सोडून कापसाच्या दुकानात जायला लागलो होतो. हंगामाची शेवटची आवक होती, गाड्या उभ्या होत्या... आणि चालता येतंय म्हणजे गुडघा बरा, असं मी धरून चाललो होतो.

वैशाखातल्या त्या भर दुपारी, मांडवाच्या खांबाला धरून सुमन हळूहळू खाली गेली. सगळा मांडव तिच्या गुडघ्याकडे बघत होता. चेहरा वेडावाकडा झाला, पण मांडी बसली. तिच्या गुडघ्याखाली टॉवेलची घडी कुणी सरकवली, तर ताईनं.

त्या वर्षात आम्ही सगळेच थकलो होतो. पण दवाखान्याच्या त्या विरलेल्या पडद्याचे उपकार मी आजही मानतो. जाड असता तर मला काही कळलंच नसतं...

कन्यादानाचा फोटो बैठकीत लावलेला आहे. सुमन पाटावर मांडी घालून बसली आहे. शेजारी मी, मांडववाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर.