विजयश्रीची दोन मिनिटं

समजा, तुमच्यासमोर एक अनोळखी माणूस बसलाय. त्याने एक कार्ड पुढे सरकवलं. त्यावर इंग्रजीत लिहिलंय: तुमचं कोणाशी पटलं नाही, असा एक प्रसंग सांगा. विचार करायला एक मिनिट, बोलायला दोन. करा सुरुवात. काही सुचतंय का? आता असंही समजा, की परदेशातल्या कॉलेजचा प्रवेश याच बोलण्यावर अडलाय आणि तुम्ही एकदा इथेच आपटलाय.

मोशीच्या विजयश्रीचं नेमकं हेच झालं होतं. इंग्रजीच्या परीक्षेत वाचन, लेखन, ऐकणं उत्तम, बोलण्यात मात्र हवा त्यापेक्षा अर्धा बँड, म्हणजे अर्धा गुण, कमी. कॉलेजने एकदाच मुदत वाढवून दिली होती. शनिवारची परीक्षा म्हणजे शेवटची संधी.

पाठांतरावर तिचा भारी विश्वास. चाकणजवळ निघोज्याच्या एका कारखान्यात ती क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला होती. ग्राहक कंपनीचं ऑडिट आलं की ऑपरेटरांकडून क्वालिटी पॉलिसी घोकून घ्यायची ती तिनेच. "मॅडम, तोंडपाठ हाय. फक्त अर्थ विचारू नका," असं प्रेस मशीनवरचा गणराज म्हणायचा, आणि ऑडिटरही कधी अर्थ विचारायचा नाही. त्यामुळे क्लासच्या प्रीतम सरांनी तयार उत्तरं दिली तेव्हा तिने ती कंपनीच्या बसमध्ये, कॅन्टीनमध्ये, भाकरी थापतानाही घोकली.

गुरुवारी शेवटचा सराव होता. ‘कोणाशी पटलं नाही’ हेच कार्ड आलं. विजयश्री सुरू झाली: मैत्रिणीला समुद्रावर जायचं होतं, मला डोंगरावर...

सरांनी हात वर केला. "हे पाठ केलंयस. परीक्षकाला लगेच कळतं. मागच्या वेळी त्यातच मार्क गेले असणार."

"सर, हे तुम्हीच दिलंय."

"नमुना म्हणून दिलं होतं."

शेजारच्या सायलीने मान खाली घातली. तिचीही मैत्रीण समुद्रावरच निघाली होती.

विजयश्रीच्या डोक्यात तिडीक गेली. तिने कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती इंग्रजीतच बोलायला लागली. तडा गेलेल्या ब्रॅकेटचा अख्खा लॉट. हा माल पाठवायचा नाही म्हणून त्यावर तिने लावलेला लाल टॅग. माल न्यायची गाडी खोळंबलीय म्हणून तो उपटणारा प्रॉडक्शन मॅनेजर. तिने दुसरा टॅग लावला, तर दुसऱ्या दिवशी त्याने तिला लाइनवरून काढून फायली लावायला बसवलं. क्रियापदं पडत होती, धडपडत होती, पण ती थांबत नव्हती. दोन मिनिटं कधीच उलटून गेली.

सर खूश झाले. "बघ, किती सलग बोललीस! पण हे परीक्षेत नको. फार कडवट वाटतं. मॅनेजरने तुझं ऐकलं, लॉट थांबवला, असा शेवट कर."

"नाही थांबवला, सर. गेला तो लॉट."

"परीक्षक काय चाकणला बघायला येणार आहे?"

विजयश्री उठली. तिचे कान तापले होते. गेले कित्येक महिने ती या माणसाच्या मैत्रिणी, याचे समुद्र, याचे गोड शेवट तोंडात घेऊन फिरत होती आणि आता तिचा स्वतःचा प्रसंगही त्याला दुरुस्त करून हवा होता. सरांनी घड्याळ पाहिलं आणि सायलीला पुढे बोलावलं. विजयश्री खुर्चीपुढून हलली नाही.

"सर, एवढंच सांगा. झालं तसं सांगितलं, तर ते खरंच मार्क कापतात का?"